खाली किती राहिलं?

फणेरपेटी घ्यायला आलेलं माणूस आधी बाहेरून पॉलिशवर बोट फिरवतं, मग झाकण उघडतं आणि मग आरशात स्वतःला बघतं. आरसा ज्या खोबणीत बसलाय, ती कुणी बघत नाही. बघावीशी वाटली तर माझंच काही चुकलं म्हणायचं. पण फणी, करंडा, काजळाची डबी ठेवायच्या या छोट्या पेटीत सगळ्यात जास्त जीव खाणारं काम तेच आहे. झाकणाची शिसवी फळी ८ मिलिमीटर जाड. तिच्यात १२० बाय ९० मिलिमीटरची, साडेतीन मिलिमीटर खोल खोबण पाडायची. कडा सरळ, कोपरे काटकोनात आणि तळ सगळीकडे एकाच पातळीत.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूत जो साचा उठवतात, त्यासाठी लागणारी लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच तेवढी लांब आखलेली असते. अशा घरात वाढल्यामुळे लाकूड कापताना ते पुढे काय करणार, याचा हिशेब आधी करायची सवय मला लागली. पटाशी मी त्यांच्याकडेच शिकले. खोबण पाडून दाखवायला नेली की ते तिची लांबी-रुंदी बघायचे नाहीत. फळी उलटी करून मागून अंगठा दाबायचे आणि विचारायचे, "खाली किती ऱ्हायलं?"

पातळ, कठीण लाकडातल्या उथळ खोबणीची सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. जाड खांबात भोक पाडताना मिलिमीटरभर जास्त खोल गेलं तर काही बिघडत नाही. ८ मिलिमीटरच्या फळीत साडेतीन काढले की साडेचार उरतात. हात मिलिमीटरभर घसरला की साडेतीन. ६ मिलिमीटरच्या फळीत तीच घसरण झाली, तर उरलेल्या लाकडाचा जवळजवळ निम्मा जीव गेला. म्हणून खोबणीचा कागद करताना मी पहिला आकडा खोलीचा लिहीत नाही, उरणाऱ्या जाडीचा लिहिते.

सपाट तळ कशासाठी

काच वाकत नाही. तळाला एखादा उंचवटा राहिला आणि वरून आरसा दाबला, की सगळा भार त्या एका ठिकाणी येतो. आरसा तेव्हाच तडकला तर बरं. नाहीतर तो गिऱ्हाइकाच्या घरी तडकतो. बिजागरीचंही तसंच. तिची पितळी पट्टी उंचवट्यावर डुगडुगत राहिली, तर स्क्रू आवळताना ती वाकते आणि झाकण तिरकं बसतं. झाकण मिटलेलं धरून ठेवणारी लोहचुंबकाची चकती तिरपी बसली तर ते पूर्ण मिटत नाही.

सपाटी तपासायला महागडं काही लागत नाही. काचेच्या एका तुकड्याला पांढरा खडू चोळायचा, तो तळावर ठेवून जरासा हलवायचा आणि उचलायचा. शिसवाच्या काळपट तळावर जिथं पांढरं उमटलं, तिथं उंचवटा. तेवढाच खरवडायचा आणि पुन्हा काच फिरवायची. खोली मोजायला व्हर्नियर कॅलिपरची मागून बाहेर येणारी शेपटी पुरते. ती चारही कोपऱ्यांत आणि मधे टेकवून बघायची.

तळाची पातळी वरून येते

नवशिक्याला वाटतं, पटाशी तळावर आडवी धरून खरवडत राहिलं की तळ सपाट होईल. तसं होत नाही. पटाशीला आधार तळाचाच असतो. तळ ओबडधोबड असेल तर पटाशी त्याचेच चढउतार गिरवत जाते. सपाटी कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि ती आणायची फळीच्या वरच्या पृष्ठभागावरून. तो आधीच रंधून सपाट केलेला असतो.

याच तत्त्वावर एक खास रंधा चालतो, त्याला राउटर प्लेन म्हणतात. त्याचा सपाट पाट फळीच्या तोंडावर फिरतो आणि त्यातून खाली उतरलेलं, पायासारखं वळलेलं छोटं पातं खोबणीच्या तळाला घासतं. पातं एकदा ठरवून आवळलं की रंधा कुठेही नेला तरी त्याहून खोल जात नाही. स्टॅन्ले कंपनीचा ७१ नंबरचा रंधा या जातीचा सर्वात गाजलेला नमुना. त्यावर पेटंटची तारीख ओतलेली असते, ती १८८४ सालची आहे. आजचे चांगले राउटर प्लेन बघितले तरी मूळ बांधणी तीच दिसते.

तो परवडत नसेल तर घरी करता येतो. सागाचा एक जाड ठोकळा घ्यायचा, त्याचा तळ नीट रंधायचा, मधे उभं भोक पाडायचं आणि त्यात सायकलवाल्याकडे असते तशी एल आकाराची अॅलन की घालायची. तिचा आखूड पाय खाली येतो, त्याच्या टोकाला पटाशीसारखी धार काढायची. बाजूने एक बोल्ट आवळला की पातं जागेवर बसतं. धार काढताना ग्राइंडरवर घाई करायची नाही, सारखी पाण्यात बुडवायची. पोलाद निळं पडलं की धारेचं पाणी उतरलं. मग ती शिसवापुढे टिकत नाही. ठोकळ्याला समोरच्या बाजूने अर्धवर्तुळाकार खाच दिली की पातं कुठे चाललंय ते दिसतं.

साग आणि शिसव

शिसव हे सागाच्या दुपटीहून कठीण लाकूड. वाळलेल्या शिसवाचं वजन घनमीटरला सव्वाआठशे किलोच्या पुढे जातं, सागाचं साडेसहाशेच्या आसपास असतं. पण कठीणपणा म्हणजे निव्वळ अडचण, असं समजू नये. शिसवात पाडलेली खोबणीची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ उभी राहते. मऊ लाकडात तीच कड दबते, चिरडते. साग कापायला मऊ, पण त्याच्या अंगात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर बसते.

शिसवाची खोड वेगळी. त्याचे तंतू एका दिशेने सरळ जात नाहीत. पट्ट्यापट्ट्यांनी ते उलटसुलट झुकलेले असतात. एका पट्ट्यात पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, शेजारच्या पट्ट्यात तीच पटाशी तंतू उचकटून काढते आणि तळाला खड्डा पडतो. यावर उपाय दोन. शेवटचा हात तंतूंच्या आडव्या दिशेने मारायचा, आणि एका फेरीत कागदाच्या जाडीएवढंच काढायचं.

धार तर हवीच. पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवलं आणि घसरलं नाही, चिकटल्यासारखं थांबलं, तर ते शिसवाला चालेल. मी दगडावर धार लावते आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर फिरवते. काम रंगात आलं असलं तरी मधे थांबून पुन्हा लावते.

पटाशीने खोबण

आखणी पेन्सिलीने करू नये. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि ती तंतू कापत नाही. गुण्याला टेकवून धारदार सुरीने रेघ मारायची. आधी तंतूंना आडव्या जाणाऱ्या दोन रेघा, दाबून. मग तंतूंच्या दिशेच्या दोन, अगदी हलक्या हाताने दोनतीनदा. या दिशेला सुरी तंतूंच्या मागे भरकटत जायला बघते. मग आतल्या बाजूने, म्हणजे जे लाकूड काढून टाकायचंय त्या बाजूने, पटाशीने रेघेपर्यंत तिरका छोटा काप घ्यायचा. त्यातून एक चिमुकली भिंत तयार होते. पुढे पटाशी उभी धरली की ती या भिंतीला टेकते आणि हलत नाही.

आता मधलं लाकूड सैल करायचं. पटाशी तंतूंना आडवी उभी धरून दर तीनएक मिलिमीटरला मोगरीचा एक हलका घाव घालायचा. घाव ठरलेल्या खोलीच्या अर्धा मिलिमीटर आधीच थांबला पाहिजे. लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली पेंढी. आडवी तोडायला ताकद लागते, पण काड्यांच्या मधून ती सहज फाकते. पातळ फळीवर मोगरीचा जोराचा घाव बसला की ती तशीच लांबीत उकलते. म्हणून फळी जाड, सपाट पाटावर पूर्ण टेकलेली हवी. खाली पोकळी राहिली तर घावासरशी मागच्या बाजूला बारीक तडा जातो, तो पॉलिश चढल्यावरच दिसतो.

सैल झालेले तुकडे पटाशी आडवी धरून हाताच्या जोराने काढायचे, मोगरी बाजूला ठेवून. शेवटचा अर्धा मिलिमीटर राउटर प्लेनचा. पातं थोडंथोडं खाली सोडत तीनचार फेऱ्यांत तळ एका पातळीत येतो. कोपऱ्यांतला गाळ अरुंद पटाशीने साफ करायचा.

एक सूचना मी शिकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा देते. पातळ फळी शिकंज्यात आवळू नका. आवळली की ती किंचित वाकते. वाकलेल्या फळीत तळ सपाट केला आणि शिकंजा सोडला, की फळी सरळ होते आणि तळ वाकतो. मी फळी दुहेरी चिकटपट्टीने पाटावर बसवते, किंवा तिच्या चारही बाजूंना त्याच जाडीच्या पट्ट्या ठोकून मधे अडकवते.

विजेचा राउटर

दहा पेट्यांची ऑर्डर असली की मी ट्रिमर घेते. हा हातात मावणारा विजेचा राउटर. मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याला ६ मिलिमीटरचं सपाट तोंडाचं कार्बाइड बिट लावते. इथंही पातळी वरूनच येते. यंत्राचा पाट फळीवर फिरतो आणि बिट ठरलेल्या खोलीवर लोंबतं.

अडचण अशी की खोबण जसजशी रुंद होते, तसतसं पाटाखालचं लाकूड संपत जातं. ट्रिमरचा पाट असतो तळहाताएवढा. ९० मिलिमीटरच्या खोबणीत तो एका बाजूने आत कलंडतो आणि बिट खाली घुसतं. यावर मी जाड अॅक्रिलिकचा रुंद पाट ट्रिमरला स्क्रूने लावलाय. तो खोबणीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी टेकतो.

साडेतीन मिलिमीटर एका दमात काढायचे नाहीत. एका फेरीत मिलिमीटर, फार तर दीड. यंत्र खोबणीच्या आतल्या कडेने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. बिट त्याच दिशेने फिरत असतं, त्यामुळे त्याची धार लाकडाला समोरून भिडते आणि यंत्र ताब्यात राहतं. उलट फिरवलं तर ते हातातून पळायला बघतं. हात फार हळू चालला तर शिसव जळून काळं पडतं. पीळदार बिट घ्यायचं असेल तर भुसा खाली ढकलणारं घ्यावं. वर ओढणारं बिट भुसा छान काढतं, पण काठावरचे तंतूही उचलतं. शिसवाची बारीक धूळ अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला झोंबते, तेव्हा मास्कशिवाय यंत्र सुरू करू नये.

६ मिलिमीटरच्या बिटाने आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोल राहतो. आरशाला टोकदार कोपरा असतो. तिथं पुन्हा पटाशी.

गोल खोबण

झाकण मिटून राहावं म्हणून आत लोहचुंबकाची चकती लपवायची असते, त्यासाठी गोल आणि सपाट तळाची खोबण लागते. साधं ड्रिल टोकदार खड्डा पाडतं. इथं कामाला येतं फॉर्स्टनर बिट. अमेरिकेत ओरेगनमधल्या सेलम गावी राहणाऱ्या बेंजामिन फॉर्स्टनर यांनी १८७४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यांचा मुद्दा असा की बिट मधल्या स्क्रूच्या टोकावर न चालवता बाहेरच्या गोल धारेवर चालवायचं. मग तंतू कुठल्याही दिशेला असोत, भोकाची भिंत गुळगुळीत राहते आणि तळ सपाट.

बाजारात मिळणाऱ्या बिटाला मात्र मधे छोटं टोक असतंच. ते तळाच्या पुढे मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातं. ६ मिलिमीटरच्या फळीत ३ मिलिमीटर खोल खोबण पाडली तर खाली ३ उरले, असं आपण म्हणतो. टोकाखाली उरलेला असतो जेमतेम एक. मी एक बिट खास पातळ लाकडासाठी ठेवलंय, त्याचं टोक घासून आखूड केलंय. मधला आधार गेल्यामुळे ते सुरुवातीला भटकतं, म्हणून प्लायच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून तो फळीवर चिकटवते आणि बिट त्या भोकातून उतरवते. हे काम हातातल्या ड्रिलने होत नाही. उभ्या ड्रिल मशीनला खोलीची अडकण लावूनच करावं लागतं.

तीन कामं, तीन खोल्या

खोबण किती खोल, हे तिच्यात काय बसणार यावर ठरतं. बिजागरी मुरवायची तर खोली पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे पट्टी लाकडाशी एका पातळीत येते. तिचे स्क्रू पितळी असतात आणि शिसवात पितळी स्क्रू थेट पिळला तर मान तुटते. आधी नेमक्या मापाचं भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा आणि मग साबण लावून पितळी.

जडावकामात उलट हिशेब असतो. तिथं खोबण तुकड्याच्या जाडीपेक्षा किंचित उथळ ठेवतात. तुकडा थोडा वर राहतो आणि सरस वाळल्यावर तो घासून लाकडाच्या पातळीला आणतात. मैसूरची शिसवी जडावकला अशीच चालते. आधी तुकडा कापायचा, तो फळीवर ठेवून त्याच्या कडेने रेघ मारायची आणि मग खोबण. १८९७ च्या आगीनंतर बांधलेला आणि १९१२ साली पुरा झालेला तिथला राजवाडा बघायला गेलात, तर हस्तिदंत जडवलेला शिसवी दरवाजा जरूर बघा. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यापासून आता इतर रंगांची लाकडं आणि प्लॅस्टिक जडवतात. आमच्या शेजारच्या मिरजेत सतारी-तंबोऱ्यांवर सेल्युलॉइडची नक्षी बसते. या दोन्ही वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आरशाची खोली तुकड्यापेक्षा जास्त हवी. काच ३ मिलिमीटर, चिकटवायच्या थराला थोडी जागा आणि वर केसभर अंतर, म्हणजे आरसा झाकणाच्या आत राहतो आणि घासला जात नाही. आरसा चिकटवायला साधं, आंबूस वासाचं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल आरशामागच्या चांदीच्या थराला खातं. न्यूट्रल सिलिकॉन घ्या आणि तेही मधे दोनतीन ठिपके एवढंच. चारही कडा चिकटवून टाकल्या तर लाकडाला हलायला जागा उरत नाही.

पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली खोबण

लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. शिसवाच्या पाटछेदी, म्हणजे ओंडका सरळ चिरत जाऊन काढलेल्या फळीत ओलावा एका टक्क्याने बदलला, की रुंदी शेकडा ०.२ च्या आसपास बदलते. कोल्हापुरातला ऑगस्ट आणि एप्रिल यांत चार टक्क्यांचा फरक धरू. ९० मिलिमीटर रुंद खोबण तेवढ्यात पाऊण मिलिमीटर आकसते. काच आकसत नाही.

म्हणून मी ऑगस्टमध्ये पाडलेली खोबण आरशापेक्षा रुंदीत मिलिमीटरभर सैल ठेवते. एप्रिलमध्ये तीच घट्ट बसेल अशी पाडली तरी चालते, कारण पुढे ती रुंदच होणार असते. लांबीत दोन्ही ऋतूंत एकच माप. कोकणात जाणारी पेटी आणि सोलापूरला जाणारी पेटी यांचं मापही मी एक ठेवत नाही.

एका बाजूने लाकूड काढल्यावर फळी वाकण्याचाही धोका असतो. आतलं ताजं लाकूड हवेला उघडं पडतं, मागची बाजू तशीच राहते. त्यामुळे खोबण मिलिमीटरभर कमी खोल पाडून फळी दोन दिवस पट्ट्यांवर ठेवते, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी. वाकायची ती तेवढ्यात वाकून घेते. मग उरलेला मिलिमीटर काढते.

खोबण पाडूच नये अशी वेळ

हल्ली संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र अशी खोबण काही मिनिटांत पाडतं आणि उत्तम पाडतं. पण त्यालाही फळी सपाट आणि एकसारख्या जाडीची द्यावी लागते. फळी एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर पातळ असेल, तर यंत्र आज्ञेप्रमाणे सपाट तळ देतं आणि त्या कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर कमी लाकूड ठेवतं. फळी यंत्रावर चढवण्याआधी तिची जाडी चारही कोपऱ्यांत मोजायची, हे काम माणसाचंच आहे.

पण हाताने असो वा यंत्राने, काही फळ्यांत खोबण पाडूच नये. नाजूक दिसावं म्हणून काही जणांना ५ मिलिमीटरचं झाकण हवं असतं, आणि त्यात ३ मिलिमीटरचा आरसाही. म्हणजे तळाला दीड मिलिमीटर. एवढ्या पातळ तळात उलटसुलट तंतूंचं शिसव एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात तंतूच्या रेषेत फाटतं. माझ्या हिशेबात २ मिलिमीटरच्या खाली तळ उरत असेल तर ती खोबण नाहीच. अशा वेळी मी फळी आरपार कापून चौकट करते आणि मागून दीड मिलिमीटरचं प्लाय लावून त्यावर शिसवाचं व्हिनियर चढवते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते फाटत नाही. मात्र ते चौकटीला फक्त मधल्या भागात सरसाने धरते, कडा मोकळ्या ठेवते, म्हणजे शिसव आपल्या चालीने हलू शकतं. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. विचारलं तर मी सांगते, आणि या कामाचे पैसे खोबणीपेक्षा जास्त घेते, कारण मेहनतही जास्त पडते.